आधी कान, मग गान : संगीताच्या तासाला निसर्गाची ओळख

(शिक्षक व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पर्यावरण हा विषय शाळेत शिकवावा की नाही, हा वाद आता संपलेला आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१च्या नोव्हेंबर महिन्यात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शालेय शिक्षणात सक्तीचा करावा, असे निर्देश दिले. पुढे २००३-०४ मध्ये न्यायालयाने त्यात पुन्हा लक्ष घातले. महाराष्ट्रात तर परिसर अभ्यासाचे पुस्तक प्राथमिक वर्गांच्या दप्तरात आहेच. म्हणजे पुस्तक आहे, तासिका आहे, परीक्षाही आहे. तरीसुद्धा पाचवीतल्या मुलाला ओझोनच्या थराची व्याख्या तोंडपाठ येते आणि शाळेच्या फाटकाजवळचे झाड कोणते, हे सांगता येत नाही. उपस्थितांपैकी अनेकांना हा अनुभव नवा नसेल.

या कोरडेपणावर संगीत हा उतारा आहे, असे अलीकडे वारंवार सांगितले जाते आणि ते खरेही आहे. परंतु त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी फार उथळ लावला गेला आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वनमहोत्सव आला की एखाद्या लोकप्रिय चित्रपटगीताच्या चालीवर वृक्षारोपणाचा मजकूर बसवायचा, चौथीच्या मुलींना हिरवे कागद चिकटवलेल्या टोप्या घालायच्या आणि ध्वनिवर्धकाचा आवाज वाढवून ते गाणे पाहुण्यांसमोर म्हणवून घ्यायचे. पाहुणे टाळ्या वाजवतात. दुसऱ्या दिवशी टोप्या कचऱ्याच्या पेटीत असतात आणि लावलेल्या रोपाला पाणी कोणी घालायचे, हे कुणालाच ठाऊक नसते. यात पर्यावरण तर शिकवले गेले नाहीच, पण संगीतही शिकवले गेले नाही.

घोषणा सुरात म्हटली म्हणून तिचा संस्कार होत नाही. संगीताच्या शिक्षणाचा आरंभ गळ्यापासून होत नाही, तो कानापासून होतो. गुरूसमोर बसलेला शिष्य प्रथम तानपुरा ऐकतो. त्याच्या कानाला षड्ज नेमका कळू लागला की मगच गळ्याचे काम सुरू होते. शाळेच्या संगीताच्या तासात नेमकी हीच पायरी वगळली जाते आणि मुले थेट गाण्याच्या ओळी पाठ करू लागतात. संगीत शिक्षकाने मुलांचा जो कान तयार करायचा असतो, तोच कान परिसर अभ्यासालाही हवा असतो. या दोन तासिकांची सांगड कशी घालता येईल, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात १०३ क्रमांकाचे एक सूक्त आहे. ते मंडूकसूक्त म्हणून ओळखले जाते आणि परंपरेने वसिष्ठ ऋषींच्या नावे आहे. वर्षभर मौन धरून बसलेले बेडूक पहिल्या पावसाबरोबर बोलू लागतात, हे पाहून ऋषीला व्रतस्थ ब्राह्मणांचे पठण आठवते. एका बेडकाचा आवाज दुसरा बेडूक उचलतो, तेव्हा गुरूमागून शिष्य पाठ म्हणत असल्याचा भास होतो. या उपमा अनेकांना ठाऊक असतात. त्याच सूक्तातील एक बारीक निरीक्षण मात्र सहसा सांगितले जात नाही. एका बेडकाचा आवाज गायीसारखा आहे आणि दुसऱ्याचा शेळीसारखा, एक ठिपकेदार आहे तर दुसरा हिरवा, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे ऋषीने बेडकांच्या जाती आवाजावरून वेगळ्या ओळखल्या होत्या. आजचा प्राणिशास्त्रज्ञही रात्री बॅटरी घेऊन डबक्याच्या काठी बसतो तेव्हा हेच करतो. प्रत्येक जातीच्या नराची हाक वेगळी असते आणि अनेक जाती तिच्यावरूनच ओळखता येतात.

अशा ठिकाणी ‘आपल्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते’ असे म्हणून समाधान मानणे सोपे असते. सूक्ताचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने डबकी बुजवून त्यांवर वाहनतळ बांधले आणि बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवल्या, हेही सांगितले पाहिजे. बेडूक कमी झाल्याने शेतातील किडे वाढतात, ही चिंता पुढे आल्यावर १९८७ मध्ये भारत सरकारला ती निर्यात बंद करावी लागली. वसिष्ठांचा वारसा सांगायचा असेल तर मुलांना पावसाळ्यातील एका संध्याकाळी पालकांसह एखाद्या पाणवठ्याजवळ न्यावे, दहा मिनिटे गप्प बसवावे आणि किती प्रकारचे आवाज ऐकू आले, ते लिहायला सांगावे. दुसऱ्या दिवशी संगीताच्या तासाला प्रत्येकाने एकेक आवाज काढून दाखवावा. एका गटाने खर्जातील संथ आवाज धरावा, दुसऱ्याने त्यावर तुटक चढा आवाज टाकावा. शंभर बेडूक एकाच वेळी ओरडत असताना प्रत्येकाला आपली हाक वेगळी का ठेवावी लागते, हा प्रश्न मग मुले स्वतःच विचारतात. वर्गात सगळे एकाच पट्टीत ओरडले तर कोणाचेच ऐकू येत नाही, हे त्यांना आधीच माहीत असते.

बेडकाचा प्रवेश संगीतशास्त्रातही झालेला आहे. सात स्वर सात प्राण्यांच्या आवाजांशी जोडण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. नारदीय शिक्षेत षड्ज मोराचा, ऋषभ गायीबैलांचा, गांधार शेळ्यामेंढ्यांचा, मध्यम क्रौंचाचा, पंचम कोकिळेचा, धैवत घोड्याचा आणि निषाद हत्तीचा मानला आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या, म्हणजे राजा सिंघणाच्या, आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यातील यादीत मात्र ऋषभाच्या जागी चातक आणि धैवताच्या जागी बेडूक आहे. बैल आणि घोडा गेले, पावसाचे दोन निरोपे आले. दौलताबादचा किल्ला पाहायला सहली जातात, तेव्हा याच परिसरात संगीतशास्त्राचा एवढा मोठा ग्रंथ तयार झाला, हे मुलांना क्वचितच सांगितले जाते.

ही यादी पाठ करून घेणे व्यर्थ आहे. ती तपासायला लावणे मात्र अत्यंत उपयुक्त आहे. चैत्र-वैशाखात कोकीळ ओरडू लागला की शिक्षकाने पेटी घेऊन खिडकीशी बसावे आणि मुलांना विचारावे, हा खरोखरच पंचम आहे का? उत्तर मोठे मनोरंजक निघते. कोकिळाचा सूर एका जागी स्थिर राहत नाही. तो खालून वर ओढला जातो आणि पुढची प्रत्येक हाक आधीपेक्षा थोडी चढत जाते. शिवाय पंचम हा कोणत्या तरी षड्जाचा पंचम असतो. षड्ज ठरवल्याशिवाय पंचमाला अर्थ नाही. श्रुती, मींड आणि स्वरसंबंध या तीनही गोष्टी येथे व्याख्येविना कळतात. ग्रंथ चुकला म्हणून हसायचे कारण नाही आणि ग्रंथात आहे म्हणून तसे ऐकू आल्याचे सोंग करण्याचेही कारण नाही.

मग परिसर अभ्यासाचा शिक्षक पुढे येतो. गाणारा तो काळाकुळकुळीत नर असतो. ठिपकेदार तपकिरी मादीचा आवाज अगदी निराळा, कर्कश असतो. म्हणजे व्यवहारात ‘कोकिळा गाते’ असे म्हटले जाते ते बरोबर नाही. तिची अंडी कावळ्याच्या घरट्यात असतात, म्हणून कावळ्यांचा विणीचा हंगाम तोच कोकिळाच्या गाण्याचा हंगाम. त्याला वड, पिंपळ, उंबर यांची फळे लागतात. एका सुरामागे कावळा, झाड आणि ऋतू असे सारे उभे असते. हा धागा मुलांच्या हाती एकदा आला की पुढे काही सांगावे लागत नाही.

लय शिकवण्यासाठी तर निसर्गाने एक पगार न घेणारा शिक्षक नेमलेला आहे. तांबट हा चिमणीहून किंचित मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर तांबडा पट्टा असलेला पक्षी. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा त्याचा ‘टुक टुक’ आवाज उन्हाळ्याच्या दुपारी सतत चालू असतो. मिनिटाला शंभराहून अधिक ठोके आणि तेही विलक्षण सारख्या अंतराने. मुंबई-पुण्याच्या दाट वस्तीतही तो ऐकू येतो. मुलांनी त्याच्या ठोक्यावर टाळी धरावी, चार-चार ठोक्यांचे खंड पाडून त्रितालाच्या सोळा मात्रा मोजाव्यात, नंतर त्याच्या दोन ठोक्यांत एक टाळी, एका ठोक्यात दोन टाळ्या असे करून पाहावे. मात्रामापक यंत्र ज्या शाळेला परवडत नाही, त्या शाळेलाही हे परवडते. या पक्ष्याचे घर वाळक्या, पोखरता येण्याजोग्या फांदीत असते. आवार स्वच्छ दिसावे म्हणून शाळेने प्रत्येक सुकी फांदी छाटून टाकली तर पुढच्या वर्षी तालाचा तास बंद पडतो. सुक्या फांदीचीही झाडावर गरज असते, ही गोष्ट भाषणाने पटत नाही. तांबट ऐकून ती पटते.

ऐकण्याचे हे शिक्षण पाश्चात्त्य जगातही काही जणांनी गंभीरपणे घेतले. कॅनडातील संगीतकार मरे शेफर यांनी व्हँकुव्हरजवळील सायमन फ्रेझर विद्यापीठात परिसरातील ध्वनींचा अभ्यास उभा केला. १९७७ मध्ये त्यांचा या विषयावरील प्रमुख ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि शाळेतील मुलांसाठी श्रवणाचे शंभर पाठही त्यांनी लिहिले. मुलांनी डोळे मिटून ऐकावे, ऐकलेले आवाज कागदावर उतरवावेत आणि कोणते आवाज जपायचे व कोणते कमी करायचे याचा विचार करावा, हे त्यांच्या पद्धतीचे सार. त्याआधी १९६२ मध्ये रेचेल कार्सन या अमेरिकन विदुषीने कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवर पुस्तक लिहिले, तेव्हा त्याला ‘सायलेंट स्प्रिंग’, म्हणजे निःशब्द वसंत, असे नाव दिले. विषाचा परिणाम सांगताना तिने पक्ष्यांच्या न ऐकू येणाऱ्या आवाजाकडे बोट दाखवले. आपल्या गावातील कोणता आवाज थांबला, हे सांगता येण्यासाठी तो आधी कुणीतरी ऐकलेला असावा लागतो.

आता एका उपक्रमाचे थोडे विस्ताराने वर्णन करायला हवे, कारण तो कोणत्याही वर्गात, कोणत्याही साधनाविना होतो. पावसाचा आवाज हातांनी काढण्याचा खेळ अनेक शिक्षक घेतात. प्रथम तळहात एकमेकांवर घासायचे, मग चुटक्या, मग मांडीवर थापा, मग पाय आपटायचे आणि उलट क्रमाने पुन्हा शांततेकडे यायचे. चाळीस मुलांनी तो नीट केला तर डोळे मिटून बसलेल्याला पाऊस पडतो आहे असेच वाटते. पण हा खेळ येथे थांबवू नये. वर्गाचे तीन गट करावेत. एक गट पाऊस, दुसरा झाडे आणि माती, तिसरा ओढा. पहिल्या फेरीत डोंगरावर दाट झाडी आहे असे समजावे. पाऊस गट जोर धरतो, पण झाडांचा गट तो आवाज अंगावर घेतो, हलक्या थापांत बदलतो. ओढ्याचा गट बराच वेळ गप्प राहतो आणि मग अगदी मंद गुणगुण सुरू करतो. पाऊस थांबतो, झाडे थांबतात, ओढा मात्र गुणगुणत राहतो. शिक्षकाने तो थांबवण्याची घाई करू नये. दुसऱ्या फेरीत डोंगर उघडाबोडका करावा, म्हणजेच झाडांच्या गटाला गप्प बसवावे. आता पाऊस सुरू होताच ओढ्याने गर्जना करायची आणि पाऊस थांबल्यावर काही क्षणांतच मुके व्हायचे. ती शांतता वर्गात पडली की मुले एकमेकांकडे पाहू लागतात. हीच शांतता मराठवाड्यातील आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातील गावे मार्च महिन्यात ऐकतात. जमिनीत पाणी मुरते म्हणजे काय, पूर आणि टंचाई ही एकाच रोगाची दोन लक्षणे कशी असतात, हे भूगोलात पाने खर्चून येते. येथे ते दहा मिनिटांत मुलांच्या हातापायांतून जाते. ज्यांना गप्प बसवले ती झाडांच्या गटातील मुले बहुधा तक्रार करतात. ती तक्रार चर्चेला घ्यावी.

जलतरंगाचा प्रयोग सर्वपरिचित आहे. भांड्यात पाणी वाढवून काठावर आघात केला की स्वर उतरतो आणि बाटलीत पाणी वाढवून तोंडाने फुंकले तर स्वर चढतो. असे का, हे विज्ञानाच्या शिक्षकावर सोपवावे. प्रयोगानंतर ते पाणी मोरीत न ओतता कुंड्यांना घालावे, एवढेच.

वाद्यांचा विषय मात्र अधिक खोल आहे. तानपुरा म्हणजे पंढरपूर परिसरातील शेतात पिकलेला भोपळा, जंगलातले लाकूड आणि मिरजेच्या कारागिराचा हात. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन मिळाले तरी भोपळा शेतातच यावा लागतो आणि अवकाळी पावसाने तो कुजला तर स्वर कोठून येणार? गोव्यातील घुमटाचे उदाहरण तर प्रत्येक शाळेत सांगावे असे आहे. मातीच्या घटाच्या तोंडावर घोरपडीचे कातडे ताणून हे वाद्य बनत असे आणि गणेश चतुर्थीच्या आरत्या त्याच्या साथीने होत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिले. प्रथा धार्मिक, वाद्य परंपरेचे आणि कायदा आडवा, असा पेच उभा राहिला. गोमंतकीय कलाकारांनी बकऱ्याच्या कातड्याचा पर्याय स्वीकारला, नाद जुळवून घेतला आणि २०१९ मध्ये गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. आरती चालू राहिली आणि घोरपडीला तिच्यासाठी मरावे लागेनासे झाले. परंपरा टिकवणे म्हणजे काय, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सहसा सापडत नाही. टाकाऊ वस्तूंपासून वाद्ये करण्याच्या उपक्रमासाठी काही शाळा बाजारातून नवे प्लास्टिकचे डबे विकत आणतात, हेही जाता जाता नमूद करायला हवे.

लोकगीतांच्या बाबतीत कुटुंबांचा सहभाग आवश्यक आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. एवढा ठेवा आज्यांच्या कंठात होता. मुलांनी घरच्या आजीला विचारून एक-दोन ओव्या लिहून आणाव्यात आणि त्यांत आलेली झाडे, पाखरे, पिके यांच्याखाली रेघ मारावी. त्यांपैकी कोणते झाड आज गावात आहे आणि कोणते नाही, अशी दोन रकान्यांची यादी फळ्यावर तयार होते. दुसऱ्या रकान्याखाली वर्गात फारसे कोणी बोलत नाही. भोंडल्याच्या गाण्यांत कारल्याच्या वेलाचे गाणे आहे. माहेरी जाऊ इच्छिणाऱ्या सुनेला सासू आधी कारल्याचा वेल लावायला सांगते आणि मग तो वाढू दे, त्याला फूल येऊ दे, कारले लागू दे, अशी तिची अडवणूक चालते. सुनेच्या दुःखाबरोबर वनस्पतीचे जीवनचक्र क्रमवार त्यात गुंफलेले आहे. भोंडला हस्त नक्षत्राच्या पावसात, हत्तीचे चित्र मध्ये ठेवून खेळला जातो. तो केवळ वातानुकूलित सभागृहातील स्पर्धेचा विषय झाला, तर त्यातला पाऊस हरवतो. गढवालात १९७३-७४च्या चिपको आंदोलनात घनश्याम सैलानी यांची गीते गावोगावी गेली, याचे कारणही हेच होते. ती लोकांच्या बोलीत आणि त्यांच्या ओळखीच्या जंगलाविषयी होती.

येथपर्यंतचे सारे उपस्थितांना मान्य होईल. पुढची गोष्ट थोडी अवघड आहे. वर्षभर ज्या मुलाचा कान शाळेने तयार केला, ते मूल अनंत चतुर्दशीच्या रात्री वडिलांच्या खांद्यावर बसून ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसमोरून जाते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी आठ तासांपेक्षा अधिक सहन करू नये आणि १०० डेसिबलला ही मर्यादा पंधरा मिनिटांवर येते, असा ध्वनितज्ज्ञांचा एक प्रचलित दंडक आहे. मानवी कानाच्या आतील केसांसारख्या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५, तर शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा घातली आहे. ‘आमच्याच सणांना नियम का?’ हा प्रश्न मंडळांतून विचारला जातो. तो विचारण्याचा अधिकार कोणी नाकारू नये आणि नियम सर्वांना सारखे असावेत, हा आग्रहही योग्यच आहे. परंतु कान आपल्याच मुलांचे आहेत. १८९३ मध्ये लोकमान्यांनी उत्सव सार्वजनिक केला, त्यानंतर त्यात मेळे उभे राहिले. मुले पदे बसवत, तालीम करत आणि गावापुढे गात. भाड्याच्या भिंतीपुढे मुलांना करण्यासारखे काही उरत नाही.

शाळेने येथे व्याख्यान देऊ नये. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी मोबाइलवरील ध्वनिमापकाने शाळेच्या फाटकाशी एक आठवडा सकाळ, दुपार व संध्याकाळ अशा नोंदी घ्याव्यात. हे मापन अंदाजे असते, हे त्यांना आधीच सांगावे. त्याच नोंदी उत्सवाच्या दहा दिवसांत घ्याव्यात आणि आलेख मंडळाच्या कार्यकर्त्यांना दाखवावा. ते बहुधा याच शाळेचे माजी विद्यार्थी असतात. पुढच्या वर्षी मिरवणुकीत शाळेचे लेझीम आणि झांजपथक चालेल, असा प्रस्ताव त्याच बैठकीत ठेवावा. ढोल-ताशाही कमी आवाजाचा नसतो, म्हणून पथकात किती ढोल असावेत, हेही त्याच वेळी ठरवावे.

या सर्वांसाठी स्वतंत्र निधी अथवा परिपत्रक लागत नाही. आठवड्यातील एक संगीताची तासिका आणि एक शंभर पानी वही पुरते. वही मुलांच्या नावाची नसावी, वर्गाची असावी आणि वर्ग पुढे गेला तरी ती त्याच खोलीत राहावी. मान्सूनच्या तोंडावर चातक येतो, पावशाची ‘पेर्ते व्हा’ ही हाक त्याच सुमारास ऐकू येऊ लागते. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, म्हणून पहिल्या काही नोंदी घरून आलेल्या असतील. त्या स्वीकाराव्यात. पावशा प्रथम कोणत्या तारखेला ऐकू आला, किती वाजता, कोणत्या झाडावरून आणि ऐकणाऱ्या मुलाचे किंवा मुलीचे नाव काय, एवढे चार रकाने पहिल्या पानावर आखावेत. शिक्षकाला स्वतःला तो ऐकू आला असेल तरी त्याने आपले नाव लिहू नये. दोन-तीन दिवस थांबावे.